गाळाचा हिशेब कुठे चुकतो? या चुका टाळा

जलाशयाची पातळी रोज मोजली जाते. त्यात नदीने आणलेला गाळ मात्र साठा कमी भरायला लागला की आठवतो. उष्ण कटिबंधात ही दिरंगाई फार महाग पडते. तिथला पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि वर्षभराच्या गाळातला मोठा वाटा मोजक्या पुरांबरोबर येतो.

पहिली चूक मोजणीतच होते. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला नमुना घ्यायचा आणि त्यावरून वर्षाचा आकडा काढायचा. प्रवाह दुप्पट झाला की गाळ चौपट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. शिवाय पाणी तेवढंच असलं तरी पूर चढतानाचा आणि उतरतानाचा गढूळपणा वेगळा असतो. रात्रीचा एक मोठा पूर हुकला, तर ते वर्षच हुकलं म्हणा. नदीवरच्या मोजणीपेक्षा जलाशयाच्या सर्वेक्षणात गाळ जास्त निघाला, तर आधी पुरातले नमुने आहेत का ते बघा. मग तळालगत घरंगळत येणारी वाळू-खडी धरली होती का ते तपासा. शेवटी टनांचे घनमीटर करताना कोणती घनता घेतली तेही पाहा. पाण्याखालच्या ताज्या चिकण गाळात घनमीटरमागे कोरडी माती जेमतेम अर्धा टन भरते, वाळू दीड टनाच्या आसपास.

धरणांबाबतचा सगळ्यात चिवट गैरसमज मृत साठ्याचा. खालच्या दारांखालची जागा गाळासाठी राखली आहे, म्हणजे वरचं पाणी सुरक्षित, असं धरून चालतात. गाळाने तो आराखडा वाचलेला नसतो. नदी जलाशयात शिरते तिथे तिचा वेग पडतो. वाळू-खडी वरच्या टोकालाच, म्हणजे उपयुक्त (वापरायच्या पाण्याच्या) साठ्यात बसते आणि भिंतीपर्यंत पोचते ती मुख्यतः बारीक माती. म्हणून मृत साठ्यात जागा शिल्लक असतानाही पाणी कमी पडू लागतं आणि जलाशयाच्या वरच्या अंगाला पुराची पातळी चढते. नुसती भिंतीजवळची खोली मोजू नका, अख्ख्या जलाशयाचे आडवे छेद घ्या. तळाची दारं पुरेशी मोठी असतील, तर पुराचं गढूळ पाणी पुढे जाऊ द्या आणि ओसरत्या पुराच्या नितळ पाण्यावर साठा भरा. दारंच नसतील, तर ही सोय नंतर करणं फार अवघड.

साठलेला गाळ धुऊन काढायचा झाला, तर वेळ सांभाळा. कोस्टा रिकातलं काची धरण १९७३ पासून वारंवार रिकामं करून धुतलं गेलं आहे. नदी आटलेली असताना असा चिखल सोडला, तर तो पात्रात बसतो आणि मासे गुदमरतात. धुतल्यावर मागून स्वच्छ पाण्याचा लोंढा सोडायला हवा.

धरणाखाली उलटी तक्रार येते. गाळ मागे ठेवून आलेलं पाणी पात्राचा तळ आणि काठ खातं. अभ्यासक त्याला ‘भुकेलं पाणी’ म्हणतात. पुलाचे पाये उघडे पडले की दोष फक्त पुराला देऊ नका. व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात खारं पाणी आत घुसतं तेव्हा पहिलं बोट समुद्राकडे जातं. समुद्र चढतोच आहे, पण वाळूउपशाने पात्र खोल झालं, हेही मोठं कारण आहे. घानात व्होल्टा नदीवर १९६५ मध्ये आकोसोम्बो धरण झालं. नदीच्या मुखाच्या पूर्वेला असलेल्या केटा गावाचा किनारा त्याआधीही झिजत होता. धरणाने नदीची वाळूही अडवली.

बांगलादेशातली चूक मला सगळ्यात शिकवणारी वाटते. १९६०च्या दशकात तिथल्या भरतीच्या सखल जमिनींभोवती बांध घातले गेले. पीक वाचलं, पण भरतीबरोबर शेतात पसरणारा गाळही बंद झाला. तो बाहेरच्या खाड्यांत साचू लागला. आतली जमीन दबत गेली आणि पावसाचं पाणी बाहेर जायला उतारच उरला नाही. २००९च्या आयला वादळात एक बांध फुटला. तिथली आतली जमीन बाहेरच्या खारफुटीपेक्षा एक ते दीड मीटर खाली गेलेली आढळली. इलाज लोकांना ठाऊक होता. १९९०मध्ये बील डाकातिया या सखल पाणथळ भागाचा बांध गावकऱ्यांनीच कापला आणि भरतीला आत घेतलं. पुढे सरकारी यंत्रणेनेही ही पद्धत स्वीकारली. एक सखल भाग काही वर्षं भरतीला मोकळा ठेवायचा, गाळाने उंच झाला की बंद करायचा. अडचण गाळाची नाही, तेवढी वर्षं पीक न घेणाऱ्याच्या भरपाईची आहे. ती आधी ठरवा, मगच बांध कापा. बांधाबाहेर पात्र उथळ आणि आत पाणी तुंबलेलं दिसलं, तर आणखी उंच बांध हे उत्तर नव्हे.

किनाऱ्यावर धक्का बांधताना वाळूची चाल कुठली ते बघा. चेन्नई बंदराने उत्तरेकडे सरकणारी वाळू अडवली. दक्षिणेला मरीनाची पुळण रुंदावली, उत्तरेला रोयापुरम झिजलं. झिजलेल्या बाजूला दगड टाकत गेलं की झीज पुढच्या गावात सरकते. त्यापेक्षा अडलेली वाळू पलीकडे पोचवावी. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखावर २००१ पासून पंपाने हेच चालतं. पण मापात. सुरुवातीच्या वर्षांत एवढी वाळू गेली की जवळच्या किर्राची पुळण बेसुमार रुंदावली आणि लाटांवर सर्फिंग करणारे वैतागले.