फूटी खेळाडूची कारकीर्द वाचायची कशी

ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे तिथल्या लोकांची ‘फूटी’, मुंबईत बसून बघायला लागलेल्या माणसाची पहिली चूक घड्याळात होते. बॉक्सिंग डे कसोटीसाठी पहाटे पाचला उठणारा फूटीलाही साडेपाच तासांचाच फरक धरतो. पण मेलबर्नची उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ तासभर पुढे नेलेली वेळ, एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपते ती ऑक्टोबरपर्यंत. फूटीचा जवळजवळ सगळा मोसम याच काळात येतो, म्हणून फरक साडेचार तासांचा धरा. तिथला संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे दुपारी तीनला लागतो आणि दुपारी अडीचची ग्रँड फायनल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, शनिवारी सकाळी दहाला, पोहे खाऊन निवांत बसावं अशी.

वेळ जुळली की एकच खेळाडू निवडा. एएफएल या मुख्य स्पर्धेतल्या सगळ्या १८ संघांच्या मागे लागलात तर महिन्याभरात कंटाळाल. लाँगबुकचं पान आडवं धरा आणि सहा रकाने आखा: वर्ष, क्लब, सामने, डिस्पोझल, गोल आणि ‘का खेळला नाही’. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा, कारण कारकिर्दीतले चढउतार तिथेच कळतात.

डिस्पोझल म्हणजे किक अधिक हँडबॉल (मुठीने चेंडू मारून दिलेला पास). मिडफिल्डरने सामन्याला २५ ते ३० केले तर तो उत्तम खेळतोय. बचावफळीतल्या खेळाडूच्या गोलच्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. त्याचं काम गोल वाचवण्याचं आहे.

२०२० चं वर्ष लाल पेनाने लिहा. कोविडमुळे त्या वर्षी सामन्याचं प्रत्येक क्वार्टर (चौथा भाग) २० ऐवजी १६ मिनिटांचं होतं आणि प्रत्येक संघाला साखळीत २२ ऐवजी १७ सामने मिळाले. त्या वर्षीचे आकडे बघून चांगल्या खेळाडूंना ‘उतरणीला लागला’ म्हणणं हा अन्याय आहे. ढोबळमानाने सामन्यामागची सरासरी सव्वापट करा: २० डिस्पोझल म्हणजे एरवीचे २५. २०२३ पासून साखळीत २३ सामने आहेत, तोही फरक लक्षात ठेवा.

आता शेवटचा रकाना. नाव संघात दिसलं नाही की ‘वगळला’ असं लगेच लिहू नका. आधी क्लबची दुखापतींची यादी बघा. डोक्याला मार लागून कन्कशन (मेंदूला हादरा) झालं असेल तर किमान १२ दिवस बाहेर बसावंच लागतं. एखादा सामना त्यातच जातो. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, काही आठवड्यांत भरतो, पण पुन्हा दुखावतो, म्हणून प्रत्येक वेळची नोंद वेगळी करा. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटला तर साधारण वर्ष गेलं असं समजा. दुखापतींच्या यादीत नाव नाही, बंदी नाही, पण खालच्या स्पर्धेच्या, म्हणजे व्हीएफएल, एसएएनएफएल किंवा डब्ल्यूएएफएलच्या गुणफलकावर मात्र नाव आहे, असं असेल तरच तो बहुधा वगळलेला किंवा दुखापतीनंतर सराव मिळवत असलेला असतो. यातलं नेमकं कुठलं, ते मागच्या आठवड्याची दुखापतींची यादी सांगते.

सिडनीच्या ॲलेक्स जॉन्सनचं पान भरून बघा. २०१२ मध्ये विजेतेपद, मग २०१३ ते २०१७ सलग पाच शून्यं, २०१८ समोर फक्त २. नुसते आकडे बघणारा म्हणेल, संपलेला खेळाडू. शेवटचा रकाना सांगतो की एकाच गुडघ्यावर पाचदा पुनर्रचनेची शस्त्रक्रिया झाल्यावर तो परत मैदानात उतरला आणि दुसऱ्याच सामन्यात दुसऱ्या गुडघ्याचा एसीएल गेला. त्या २ मागचे कष्ट शंभर सामन्यांच्या तोडीचे आहेत.

मार्लियन पिकेटची ओळ उलटी फसवते: २०१९, रिचमंड, १, २२, १. हंगामाच्या मध्यावर होणाऱ्या ड्राफ्टमधून (क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून) वयाच्या २७ व्या वर्षी आलेला हा खेळाडू वर्षभरात एकच सामना खेळला, आणि तो पदार्पणाचा सामना म्हणजे ग्रँड फायनल होती. रिचमंड ८९ गुणांनी जिंकलं.

सप्टेंबर संपला म्हणून पानाखाली रेघ ओढू नका. ऑक्टोबरात ट्रेड, म्हणजे क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल होते, नोव्हेंबरात ड्राफ्ट. डीलिस्ट झालेल्या, म्हणजे क्लबने यादीतून काढलेल्या खेळाडूला दुसरा क्लब रूकी (मुख्य यादीबाहेरचा राखीव खेळाडू) म्हणूनही उचलू शकतो, आणि तिथेही जमलं नाही तर पुढच्या हंगामाच्या मध्यावरचा ड्राफ्ट उरतोच. तोवर पुढची ओळ पेन्सिलने लिहा.