शाळेत भाषांचा वाचन दिवस करायचाय? फॅन्सी ड्रेस सोडा, आजी-आजोबांना बोलवा

आम्ही बडोद्यात पहिल्या वर्षी हा दिवस केला तेव्हा मुलं नऊवारी, चणियाचोळी, फेटे घालून इतकी छान नटून आली, भरपूर फोटो निघाले, आणि दुपारपर्यंत एकाही मुलाने पुस्तक उघडलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आम्ही हे असं करतो.

महिनाभर आधी वर्गात जाऊन एकच प्रश्न विचारा, "घरी आजी तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलते?" ॲडमिशन फॉर्मवरची मातृभाषा बघत बसू नका, तिथे पालक सोयीचं लिहितात. आमच्याकडे मराठी, गुजराती, हिंदी, सिंधी, मल्याळम निघाल्या आणि एक मुलगा काहीच बोलेना, नंतर हळूच म्हणाला राठवी. ही छोटाउदेपूरकडच्या राठवा लोकांची बोली. त्याला वाटत होतं ती शाळेत सांगायची भाषाच नाही, आणि खरं सांगते, हा सगळा खटाटोप अशाच मुलांसाठी करायचा असतो.

तारखेसाठी फेब्रुवारीचा शेवट बरा, 21 ला जागतिक मातृभाषा दिन, 27 ला मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे आठवडाभर आरामात करता येतं. फक्त दहावी-बारावीच्या मुलांना सोडा, त्यांची बोर्डाची परीक्षा तोंडावर असते.

मग पुस्तकं. प्रत्येक भाषेची एक पेटी करा, साधं खोकं चालेल, आणि ती रोज दुसऱ्या वर्गात फिरवा. ही आयडिया आपल्या गावचीच आहे, सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि मग संस्थानातल्या गावागावांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायला लागली. जमलं तर मुलांना मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन जा, तिथली काचेची जमीन बघून मुलं आधी पायच टाकत नाहीत!

ज्या बोलीत पुस्तक मिळत नाही तिचं पुस्तक मुलांकडून करून घ्या. त्या राठवी बोलणाऱ्या मुलाच्या आजोबांनी फोनवर कोल्ह्याची गोष्ट सांगितली, त्याने रेकॉर्ड केली, मग थांबवत-थांबवत एकेक वाक्य ऐकून गुजराती लिपीत लिहिलं. एका शब्दावर अडला तर परत फोन, परत विचारलं, असे तीन दिवस गेले. शेजारच्या मुलीने चित्रं काढली, मध्ये दोन टाके घातले, झालं बारा पानांचं पुस्तक. लिहिताना बोली "सुधारून" प्रमाण भाषेत आणू नका, ही चूक आपण मोठी माणसंच करतो.

प्रत्यक्ष दिवशी भाषणं नकोत. एकाच प्रकारच्या दोन गोष्टी दोन भाषांत ठेवा, म्हणजे एक मराठी आजी चिऊ-काऊची सांगेल, शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस, "चिऊताई चिऊताई दार उघड", आणि लगेच एक गुजराती बा चको-चकीची सांगतील, चकी तांदळाचा दाणा आणते, चको मुगाचा, मग खिचडी शिजते. आधी भाषांतर सांगायचं नाही, मुलांना अंदाज करू द्या, आवाजावरून, हातवाऱ्यांवरून. आमच्याकडे दुसरीतली एक मल्याळी मुलगी पटकन ओरडली, "हिच्यात पण चिमणीच आहे!" दहा मिनिटांच्या वर एक गोष्ट लांबवू नका, आणि आजींना माइक देऊ नका, त्या बुजतात, मुलांनाच जवळ गोल करून बसवा.

शेवटी प्रत्येक मुलाने घरच्या भाषेचं नाही तर मित्राच्या भाषेचं एक पुस्तक आठवड्यासाठी घरी न्यायचं. वाचता नाही आलं तर मित्राकडून वाचून घ्यायचं. नोंदवहीत नाव, तारीख नीट लिहा, आणि मुलांनी केलेल्या पुस्तकांनाही नंबर द्या, लेखकाच्या रकान्यात मुलाचं आणि आजोबांचं, दोघांचंही नाव लिहून ती बाकीच्या पुस्तकांच्या रांगेतच ठेवा, वेगळ्या टेबलावर मांडू नका.