फुप्फुसाच्या कर्करोगाची क्लिनिकल ट्रायल : पात्रता हातची जाऊ नये म्हणून या चुका टाळा

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान आपल्याकडे बहुतेक वेळा आजार पसरल्यानंतरच होते. त्यामुळे ज्याची गाठ अजून शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी आहे, असा एखादा रुग्ण क्लिनिकल ट्रायलपर्यंत, म्हणजे नव्या उपचाराच्या रुग्णांवरील चाचणीपर्यंत, पोहोचून अपात्र ठरतो, तेव्हा त्याचे कारण नीट पाहिले पाहिजे. पुष्कळदा ते कारण आजारात नसते. एक्स-रेवर पहिला डाग दिसल्यापासून ट्रायलच्या नोंदणीपर्यंतच्या आठवड्यांत काय केले गेले आणि त्यातले कागदावर काय राहिले, यात ते दडलेले असते.

डाग दिसला म्हणजे क्षयच, असे गृहीत धरणे

मराठवाड्यात सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे दोन्ही आजारांत दिसतात आणि क्षयरोग आपल्याकडे अधिक आढळतो, म्हणून डॉक्टरांचा पहिला संशय तिकडे जाणे स्वाभाविक आहे. मात्र थुंकीच्या तपासणीत जंतू सापडलेले नसताना केवळ एक्स-रेवरून सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला असेल आणि काही आठवड्यांनंतरही डाग कमी होत नसेल, तर कोर्स संपण्याची वाट न पाहता सीटी स्कॅन आणि गाठीच्या तुकड्याची तपासणी (बायोप्सी) करून घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलले पाहिजे. दुसऱ्या टप्प्यातील गाठ तेवढ्या काळात पुढच्या टप्प्यात जाऊ शकते. शिवाय क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृताचे काम असे वाढवते की ओसिमर्टिनिबसारख्या कर्करोगावरील गोळ्यांची रक्तातील पातळी खाली येते, आणि म्हणून अशा गोळ्यांच्या ट्रायलमध्ये ते चालू असलेला रुग्ण सहसा घेत नाहीत.

याचा अर्थ क्षय लपवावा असा मुळीच नाही. क्षय सक्रिय असताना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागी करणारे उपचार, दिल्यास जिवावर बेतू शकते. पूर्ण उपचार झालेला जुना क्षय मात्र प्रत्येक ट्रायलमध्ये अडसर ठरतोच असे नाही. त्यासाठी कोर्स पूर्ण झाल्याची नोंद, निक्षय क्रमांकासह (सरकारी क्षयरोग नोंदणीतील रुग्णाचा क्रमांक), सोबत असावी.

‘दुसरी स्टेज आहे’ एवढ्यावर विसंबणे

टप्प्याचा आकडा स्थिर नसतो, ही गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. साडेचार सेंटिमीटरची, लसिका ग्रंथींत न पसरलेली गाठ टप्पे ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या सातव्या आवृत्तीनुसार १-ब मध्ये येते, तर आठव्या आवृत्तीनुसार तीच गाठ २-अ ठरते. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपीसोबत निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध देण्याची ‘चेकमेट ८१६’ ही ट्रायल सातव्या आवृत्तीवर बेतलेली होती आणि तीत १-ब टप्प्यातील फक्त चार सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठी घेतल्या होत्या. म्हणून रिपोर्टमधून टप्प्याच्या आकड्यासोबत गाठीचे माप, ग्रंथींची स्थिती आणि वापरलेली आवृत्ती समजून घ्यावी. पेट-सीटी आणि मेंदूचा एमआरआय झाल्याशिवाय ‘सुरुवातीचा टप्पा’ हे बहुतेक ट्रायलना मान्य होत नाही. ही छायाचित्रे किती जुनी चालतील, यालाही मर्यादा असते, आणि ती अनेकदा चार आठवड्यांची असते.

जनुकीय तपासणीचेही असेच आहे. ओसिमर्टिनिबच्या ‘अडौरा’ ट्रायलमध्ये १-ब ते ३-अ टप्प्यातील, गाठ पूर्णपणे काढलेले आणि गाठीच्या ईजीएफआर या जनुकात बदल आढळलेले ६८२ रुग्ण होते; ‘चेकमेट ८१६’ मध्ये मात्र हा बदल असल्याचे ठाऊक असलेल्यांना वगळले होते. एकाच आजाराला एक ट्रायल घेते आणि दुसरी नाकारते, ती या एका तपासणीवरून. ज्या बायकांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही, चुलीच्या धुरात मात्र जन्म काढला, त्यांच्या बाबतीत तर ही तपासणी टाळूच नये, कारण कधीही धूम्रपान न केलेल्या रुग्णांत हा बदल अधिक आढळतो.

फक्त रिपोर्ट घेऊन निघणे

लातूर, नांदेड किंवा धाराशिवहून मुंबईला पोहोचलेल्या कुटुंबाच्या पिशवीत तुकड्याचा छापील रिपोर्ट असतो, पण तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो तो पॅराफिन ब्लॉक गावाकडच्या प्रयोगशाळेतच राहिलेला असतो. ट्रायलच्या प्रयोगशाळेला निदान स्वतः पडताळायचे असते आणि त्यासाठी ब्लॉक व स्लाइड लागतात. ते मागून घेणे हा रुग्णाच्या बाजूचा साधा व्यवहार आहे. लेखी अर्ज द्यावा आणि ब्लॉकवरील क्रमांक रिपोर्टशी जुळवून पाहावा. स्कॅनची फिल्म पुरत नाही, सीडी हवी.

मधल्या काळातील औषधे

अनेक ट्रायलची अट अशी असते की या आजारासाठी आधी केमोथेरपी, इम्युनोथेरपी किंवा छातीला शेक (रेडिएशन) घेतलेला नसावा. ‘तोवर एक डोस देऊन ठेवू’ म्हणून घेतलेला डोस पात्रता कायमची संपवू शकतो. मात्र रुग्णाला धाप लागत असेल, रक्त पडत असेल, तर ट्रायलसाठी उपचार रोखून धरू नयेत, इथे कोणताही संशय नको.

धाप लागली की गावात दिली जाणारी डेक्सामेथासोनची सुई हा त्याहून न दिसणारा धोका आहे. इम्युनोथेरपीच्या ट्रायलमध्ये दिवसाला १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनहून अधिक स्टेरॉइड अलीकडे घेतले असल्यास रुग्ण सहसा बसत नाही. जडीबुटीच्या पुड्यांमध्येही कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि काही पुड्यांमुळे यकृताच्या तपासणीचे आकडे वाढतात. काय घेतले ते मोकळेपणाने सांगावे. दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल, तर ते आपल्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते.

रुग्णाऐवजी नातेवाइकांनी बोलणे

ट्रायलचे डॉक्टर रुग्णाची कार्यक्षमता शून्यापासून पुढे मोजतात (शून्य म्हणजे सर्वांत चांगली) आणि सुरुवातीच्या टप्प्याच्या ट्रायलना बहुधा शून्य किंवा एक हवा असतो, म्हणजे माणूस हिंडता-फिरता असावा आणि निदान हलकी कामे करत असावा. रात्रभर रेल्वेने बसून आलेल्या वडिलांकडे पाहून मुलगा काळजीपोटी ‘दादा झोपूनच असतात’ म्हणतो, आणि शेतावर रोज चक्कर मारणाऱ्या माणसाच्या नावापुढे चुकीचा आकडा पडतो. याउलट अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला धडधाकट म्हणून सांगितले, तर औषधाचा त्रास त्यालाच सोसावा लागतो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रुग्णानेच द्यावे.

संमतिपत्र आणि येणे-जाणे

संमतिपत्र मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे. वाचता येत नसल्यास निष्पक्ष साक्षीदाराच्या उपस्थितीत ते समजावून देणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे, आणि ट्रायलमधून केव्हाही बाहेर पडता येते. ट्रायलची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’ मध्ये आहे का, हे पाहावे. प्रवेश मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. दर तीन आठवड्यांनी येणे जमेल का, याचे उत्तर पेरणीचे आणि ऊसतोडीला जाण्याचे महिने डोळ्यांसमोर ठेवून द्यावे. अडचण असेल तर ती आधीच सांगावी, कारण प्रवासखर्चाची सोय अनेक ट्रायलमध्ये असते.

अपात्र ठरल्यास नेमका कोणता निकष आडवा आला, ते लेखी मागावे. हिमोग्लोबिन कमी असणे, ताप किंवा स्कॅन जुना होणे ही कारणे दुरुस्त होणारी असतात आणि कित्येक ट्रायल पुन्हा तपासणीची संधी देतात. ती मिळणार असेल तर नवी तारीख त्याच दिवशी घ्यावी. मिळणार नसेल तर शस्त्रक्रियेची तारीख घेतल्याशिवाय रुग्णालयातून निघू नये.