ॲनिमेशन मालिकेसाठी स्त्री-पात्र कसे लिहावे

स्त्री-पात्र कणखर करायचे म्हणजे तिच्या हाती शस्त्र द्यायचे, हा समज आधी सोडावा आणि तिला जग कसे जाणवते ते ठरवावे. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ (२००५–२००८) या मालिकेतील टॉफ ही लढवय्यी मुलगी जन्मांध आहे, ती अनवाणी पावलांनी जमिनीतली कंपने टिपते, म्हणून खडकाळ जमिनीवर तिला हरवणे कठीण, पण भुसभुशीत वाळूत तिला सारे अंधुक जाणवते. ताकद आणि मर्यादा अशी एकाच मुळातून यावी, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. तिच्याशेजारी मायाळू पण हट्टी कटारा आणि निष्ठुर अझुला आहेत, त्यामुळे एकटीवर साऱ्या स्त्रीजातीचा भार पडत नाही. शेवटी पात्रांची नावे झाकून संवाद वाचावेत. बोलणारी ओळखू आली नाही, तर ते पुन्हा लिहावेत.