मामा तलावात मासे, काठावर भाजी: कामाला कुठून लागायचं?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, लहान असला तर बोडी. कोहळी लोकांनी बहुतेक तलाव धानासाठी बांधले आणि त्यांतले मासे ढीवर समाजाने धरले. दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या एका पाण्यावर भागलं. आता त्याच पाण्याला तिसरा वाटेकरी आला आहे, काठावरची भाजी. महिला बचत गटांना तलावकाठी वाडी लावायची आहे, मच्छीमार संस्थेला बीज सोडायचं आहे, आणि तलाव मात्र बेशरम नावाच्या झुडपाने भरलेला. असं चित्र असलेल्या गावासाठी हा लेख आहे. काम चैत्रात सुरू करावं लागतं. श्रावणात बीज विकत आणायला निघालेल्या गावाचं अर्धं वर्ष आधीच गेलेलं असतं.

तलाव कोणाच्या नावे आहे ते पाहा

1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आज बरेचसे लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे आहेत, काही ग्रामपंचायतीकडे, मोठे जलसंपदा विभागाकडे. सातबारा काढा आणि नोंद वाचा. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तर संस्थेला सोबत घेतल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नका, नाहीतर भांडण पोलीस ठाण्यात जातं. गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, असेल तर लहान जलसाठ्यांबाबत ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याने वजन आहे. वनहक्क कायदा 2006 मध्ये मासे आणि पाण्यातल्या इतर उपजावरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. आणि एक: संस्थेच्या सभासद यादीत बाया किती आहेत ते बघा. मासळी बाजारात विकतात त्या, भाजीही लावणार त्या, आणि यादीत मात्र नवऱ्यांची नावं. हे आधी दुरुस्त करा.

पाण्याची खूण ठरवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं, कारण इथे गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांशी बोलावं लागतं.

मे महिन्याच्या शेवटी तलावाच्या खोल भागात किमान एक ते दीड मीटर पाणी उरलं पाहिजे. तेवढं उरलं तर देशी मासे जगतात आणि पावसाळ्यात तलावातच अंडी घालतात. ती पातळी तुडमाच्या दगडावर, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, रंगाने आखा. पाणी त्या खुणेला आलं की तुडूम बंद आणि काठावरचे पंपही बंद. ग्रामसभेत ठराव लिहून घ्या.

पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणेल की भाजीवाल्या बाया सगळं पाणी ओढून घेतील. त्याला हिशेब दाखवा. दहा गुंठे म्हणजे एक हजार चौरस मीटर. भाजीला उन्हाच्या दिवसांत रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं तर पाच हजार लिटर होतात, म्हणजे पाच घनमीटर. अशा वीस वाड्या शंभर दिवस भिजवल्या तर दहा हजार घनमीटर. तलावाचा पसारा दहा हेक्टर असेल तर त्याची पातळी यामुळे दहा सेंटिमीटर उतरते, वीतभरही नाही. मे महिन्यात नुसत्या उन्हाने रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं, ते वेगळंच. उलट उन्हाळी धानाला एकरी चार-पाच हजार घनमीटर लागतं. दोन-अडीच एकर उन्हाळी धान वीस कुटुंबांच्या भाजीएवढं पाणी पितं. तलाव कोरडा कोण करतं हे आकड्यांतून दिसलं की बैठकीचा सूर बदलतो. खरीप धानाचं पाणी कोणी तोडू नये, तो तलावाचा पहिला हक्कदार आहे. उन्हाळी धानाचं मात्र पाणी पाहून ठरवा.

चैत्र-वैशाखात बेशरम काढा

पाणी उतरलं की काठ उघडा पडतो. बेशरम काढायची ती याच दिवसांत. कुऱ्हाडीने कापून उपयोग नाही, बुडखा जमिनीत राहिला की पहिल्या पावसात चौपट फुटतो. एक म्हातारी ढीवर काकू काम बघायला आली होती, ती हसून म्हणाली, "कापून नाही मरत जी थे, मुळासकट उपटा लागते." खोदून काढा, पारीपलीकडे, म्हणजे तलावाच्या बांधापलीकडे, नेऊन उन्हात कडक वाळवा. कांडीचा एक तुकडा चिखलात पडला तरी त्याच्या पेरातून मुळं येतात, म्हणून शेवटी काठावर फिरून तुकडे वेचा. या झाडाला गुरं तोंड लावत नाहीत, विषारी असतं. त्यामुळेच लोकांनी ते कुंपणाला लावलं आणि तिथून ते तलावात उतरलं. काठावरच्या वाडीला बेशरमीचं कुंपण करायचं नाही, कितीही सोपं असलं तरी. बांबूच्या काड्या वापरा.

गाळ काढायचा असेल तर थोडं सबुरीने. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 पासून आहे आणि बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, टाकलेल्या तलावाच्या गाळाने हलकी जमीन सुधारते, यात शंका नाही. पण जेसीबीवाला तलावाला शेततळं समजून सरळ कडा पाडतो. मामा तलावाचा जीव त्याच्या उथळ उतारात असतो. गुडघाभर पाण्यात गवत वाढतं, तिथे मासे अंडी घालतात, तिथेच बगळे आणि बदकं चरतात. खोलगट मध्यभागातला गाळ काढा, उतार तसाच ठेवा.

मृगाच्या पावसात पाण्यातलं गवत लावा

हे वाचून काही जण हसतील. तलावात गवत लावायचं? तेवढ्यासाठीच तर बेशरम काढली! पण बेशरम वेगळी आणि पाण्याखाली वाढणारं लुसलुशीत गवत वेगळं. हायड्रिला, लांब पट्टीसारख्या पातीची व्हॅलिस्नेरिया, पाण्यावर पानं पसरणारी लहान कमळं, ही माशांची चराई आणि बाळंतघर दोन्ही आहेत. भंडारा-गोंदियाकडच्या काही तलावांत ढीवरांनी बेशरम काढून, उथळ भाग नांगरून अशी झाडं मुद्दाम लावली आहेत.

पद्धत सोपी आहे. मे अखेरीस उथळ पट्टा नांगरून भुसभुशीत करा, कारण गुरांच्या पायांनी तळ कडक झालेला असतो. दोन-तीन पावसांनी चिखल झाला की चांगल्या तलावातून कंद आणि मुळ्या आणा, ओल्या पोत्यात गुंडाळून. धान रोवतो तशी दीड-दोन फुटांवर रोवणी करा. एका वर्षी सगळा तलाव करायला जाऊ नका, एक कोपरा निवडा आणि पहिलं वर्ष तिथे गुरं जाऊ देऊ नका. तलावात गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प, सोडलेला असेल तर ही मेहनत तोच खाईल.

शिंगाड्याचा वेल मात्र माफक ठेवा. पैसा चांगला देतो, पण पूर्ण पाणी झाकलं तर खाली उजेड पोहोचत नाही.

बीज सोडताना

कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या तलावात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या जातींचं प्रजनन घडवलं, त्यानंतर मत्स्यबीज विकत मिळायची सोय झाली. सोय झाली तशी सवयही लागली: दरवर्षी विकत आणा, दरवर्षी सोडा. मरळ, दाडक, शिंगूर, वाघूर या देशी माशांना बीजाचा खर्च नाही, फक्त पाणी आणि आसरा लागतो. बाजारात मरळीला कटल्यापेक्षा भाव चांगला मिळतो, कारण ती हवेतून श्वास घेते आणि घमेल्यात जिवंत राहते. म्हणून दोन्ही ठेवा. सगळा भरवसा विकतच्या बीजावर नको.

बीजाचे तीन प्रकार मिळतात: जिरे म्हणजे नुकती निघालेली पिलं, त्याहून मोठं ते बीज आणि बोटाएवढी ती बोटुकली. जिरे स्वस्त, पण तलावात थेट सोडलं तर बहुतेक मोठ्या माशांच्या पोटात जातं. तुमच्याकडे लहान बोडी असेल तर आषाढात तिथे बीज वाढवा आणि बोटाएवढं झालं की तलावात हलवा. बोडी नसेल तर महाग पडली तरी बोटुकलीच घ्या. तलावात वरचं खाद्य घालणार नसाल तर हेक्टरी दोन-तीन हजार बोटुकल्यांवर थांबा. दहा बोटुकल्यांत चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ असं प्रमाण ठेवा, कारण एक वर चरतो, एक मध्ये, एक तळाला. कोणी स्वस्तात थाई मांगूर देऊ केला तर घेऊ नका. त्यावर बंदी आहे आणि तो देशी मासे संपवतो.

बीज सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर सोडा. पिशवी न उघडता वीस मिनिटं तलावात तरंगत ठेवा. मग तोंड सोडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्या आणि पिशवी आडवी करा. बोटुकली आपणहून बाहेर पडली पाहिजे. उलटी करून ओतलेली पिशवी म्हणजे पाण्यात ओतलेले पैसे.

नंतर आठवड्यातून एकदा पाणी तपासायचं. हात कोपरापर्यंत सरळ बुडवा. पाणी हिरवट असून तळहात कोपराच्या जरा आधी दिसेनासा झाला तर ठीक. मनगट बुडताच दिसेनासा झाला तर खत जास्त झालं, शेण टाकणं बंद करा. श्रावणातल्या ढगाळ दिवसांत पहाटे मासे वर तोंड काढून हवा घेताना दिसले तर प्राणवायू कमी पडला आहे. पंप लावून तलावाचंच पाणी उंचावरून तलावात पाडा.

जुलै-ऑगस्टमध्ये जाळं बंद. हा नियम गावाने गावासाठी करायचा. मरळीची लालसर पिलं घोळक्याने पाण्यावर फिरतात आणि आईबाप खाली राखण करतात. त्या वेळी मोठी मरळ धरली तर सगळा घोळका दुसऱ्यांच्या तोंडी जातो.

काठावरची वाडी

पाणी उतरत जाईल तशी मागे उघडी पडणारी जमीन गाळपेरीची. तिची परवानगी संबंधित विभागाकडून घ्यावी लागते आणि ती फक्त हंगामापुरती असते. तलावाच्या पोटात बांध किंवा खोली उभी करू नका.

दिवाळीनंतर वरच्या पट्ट्यात वांगी, टमाटर, मिरचीची रोपं. त्याखाली पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर), जे महिन्या-दीड महिन्यात हाताशी येतं. फेब्रुवारीत अगदी खालच्या ओलीत काकडी, कोहळं, लवकी (दुधी) आणि डांगर (खरबूज). वैनगंगेच्या रेतीत डांगरवाडी करणाऱ्या कुटुंबांना हे शिकवायची गरज नाही: खड्डा, त्यात शेणखत, वर तीन-चार बिया, वेल ओलीमागे जाऊ द्यायचा. पारीवर मात्र काही लावू नका, मुळांनी पार फुटते. तुरीसाठी शेताचा धुरा, म्हणजे बांध, आहेच.

फवाऱ्याचं काय?

भाजी आणि मासे एकत्र करताना खरं वैर इथे आहे. वांग्याच्या शेंडेअळीसाठी दुकानदार सायपरमेथ्रिन किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रिन हातात ठेवतो. ही औषधं माशांना अतिशय विषारी, अगदी थोडं पाण्यात उतरलं तरी. गोंदिया-भंडाऱ्यातला सारसही याच काठांवर आणि बांध्यांत चरतो. तलावकाठच्या वाडीत ही औषधं नकोतच. शेंडा सुकलेला दिसला की किडीसकट खुडून जाळा, नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावा. रसशोषक किडींना पिवळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर करायची. तोही वारा तलावाकडे असताना मारू नका. फवारणीचा पंप तलावात विसळायचा नाही. ठरावात याला दंड लिहा.

मासळी साफ करताना निघालेली आतडी, डोकी, खवले फेकू नका. जेवढं वजन तेवढाच गूळ घालून बरणीत भरा, तोंडाला कापड बांधा, सावलीत महिनाभर ठेवा. मग गाळून लिटरभर पाण्यात दोन-तीन मिलिलिटर घालून खत म्हणून भाजीवर फवारा. वास पहिले आठ-दहा दिवस येतो, घरापासून लांब ठेवा, मांजरापासून तर नक्कीच.

काढणी आणि बाजार

श्रावणात सोडलेली बोटुकली दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावजत्रेला, विकायजोगी होत नाही. गावोगावी मंडई भरते, घरात पाहुणे असतात, तेव्हा मासळीला गिऱ्हाईक असतं. ते देशी माशांवर भागवा. कटला-रोहू फेब्रुवारीपासून थोडे थोडे काढा, मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या छिद्रांचं, जाळं लावून, म्हणजे लहान सुटतात. आगाऊ पैसे देणारा व्यापारी एकदाच सगळा तलाव उपसायला सांगेल, कारण त्याला गाडी भरायची असते. आठवडी बाजारात वाट्याने विकलेल्या मासळीला आणि तिच्याच शेजारी मांडलेल्या वांग्या-टमाटरला एकच गिऱ्हाईक मिळतं. सांभारची जुडी वर दिली की तो पुढच्या आठवड्यात परत येतो.

उरलेले झिंगे आणि बारीक मासळी मीठ लावून बांबूच्या तट्ट्यावर वाळवा, जमिनीवर नको, माती लागली की भाव पडतो. वांगी स्वस्त झाली की त्यांच्या फोडी चिरून खुला वाळवा. आषाढ-श्रावणात जाळं बंद असतं, भाजी महाग असते, आणि वाळलेले झिंगे घालून केलेल्या खुलांच्या भाजीला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. पावशेराची पाकिटं करून ठेवली तर त्या दोन महिन्यांत तीच विकायला असतात.