ऑनलाइन परिषदेचं वेळापत्रक कसं लावायचं: ईमॅक्सकॉन्फच्या धर्तीवर

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर मुळात १९७६ साली एमआयटीत जन्मला आणि आज वापरात आहे तो ग्नू ईमॅक्स १९८५ पासूनचा. एवढ्या जुन्या साधनावर दरवर्षी एक परिषद भरते, ईमॅक्सकॉन्फ. पहिली २०१३ साली लंडनमध्ये झाली. २०१९ पासून मात्र ती पूर्णपणे ऑनलाइन असते आणि अलीकडे डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी होते. वक्ते बर्लिनमधून बोलतात, कॅलिफोर्नियातून बोलतात, भारतातूनही बोलतात. आयोजक सगळे स्वयंसेवक. तरीही दोन दिवस, दोन ट्रॅकवर (म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन समांतर रांगांत), टॉकमागून टॉक वेळेवर लागतात. वेळापत्रक नीट लावलेलं असतं म्हणूनच हे जमतं. तुम्हाला एखाद्या मराठी विकिपीडिया मेळाव्याचं किंवा लिनक्स युजर ग्रुपच्या ऑनलाइन संमेलनाचं वेळापत्रक करायचं असेल, तरी हीच पद्धत चालते.

आधी ठरवा: रेकॉर्डेड काय आणि लाइव्ह काय

वक्त्याला त्याच क्षणी बोलायला लावलं की नेट गेलं, माइक बिघडला, स्क्रीन शेअर होईना, असं काहीतरी होतंच. ईमॅक्सकॉन्फमध्ये बहुतेक वक्ते आपला व्हिडिओ आधी रेकॉर्ड करून पाठवतात. त्यामुळे स्वयंसेवकांना सबटायटल्स करायला वेळ मिळतो आणि ज्यांना ऐकायला त्रास होतो किंवा इंग्रजी उच्चार कळत नाहीत त्यांची मोठी सोय होते. व्हिडिओ संपला की प्रश्नोत्तरं मात्र लाइव्ह होतात. वक्ता बिगब्लूबटन या व्हिडिओ-बैठकीच्या साधनातल्या खोलीत येतो आणि लोक तिथे, इथरपॅड या सगळ्यांनी मिळून लिहायच्या ऑनलाइन पानावर किंवा आयआरसी या मजकुरी चॅटवर प्रश्न टाकतात.

हे एकदा ठरलं की वेळापत्रकाचा विचारच बदलतो. व्हिडिओ रात्री तीनलाही चालतो, माणसाला मात्र त्या वेळी झोप हवी असते. म्हणून जागा शोधायची ती वक्ता ताजातवाना असेल अशा अर्ध्या तासासाठी. व्हिडिओ त्याच्या आधी लावायचा, इतकंच. ही एक गोष्ट पक्की धरली तर पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात.

विचारताना नेमकं विचारा

टॉकचे प्रस्ताव मागवण्याच्या फॉर्ममध्येच चार गोष्टी विचारून घ्या: टॉक किती मिनिटांचा, वक्ता कोणत्या शहरात असेल, त्या दोन दिवसांत कोणत्या वेळा चालतील, आणि प्रश्नोत्तरं लाइव्ह घ्यायची की नंतर लेखी. शेवटचा प्रश्न अनेक जण गाळतात. पण ज्याला लेखी उत्तरंच द्यायची आहेत त्याचा टॉक कुठेही बसवता येतो, आणि अडीअडचणीला अशी दोन-तीन सत्रं हाताशी असली की फार उपयोग होतो.

लांबीसाठी मोजके पर्याय द्या: १० मिनिटं, २० मिनिटं, आणि खरंच गरज असेल तर ४०. माझं मत विचाराल तर २० मिनिटांचा आग्रह धरावा. विषय आटोपशीर होतो, सबटायटल्स वेळेत होतात आणि एका दिवसात जास्त लोकांना संधी मिळते.

वेळेच्या बाबतीत एक पथ्य कडक पाळा. ‘आयएसटी’, ‘सीएसटी’ अशी संक्षिप्त रूपं स्वीकारू नका. आयएसटी भारताची आहे तशी इस्रायलचीही आहे, आणि सीएसटी म्हणजे चीन की शिकागो हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. शहराचं नाव लिहून घ्या आणि रूपांतर संगणकावर सोपवा.

याहून फसवं प्रकरण आहे घड्याळं पुढे-मागे करण्याचं. परिषद टोरांटोच्या घड्याळाप्रमाणे चालते असं धरू. वक्त्यांशी पत्रव्यवहार सुरू होतो सप्टेंबरात, परिषद डिसेंबरात. मधल्या काळात युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे घेतो, तर कॅनडा-अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. सप्टेंबरात पुणे टोरांटोच्या साडेनऊ तास पुढे असतं, डिसेंबरात साडेदहा. मेलबर्नचं तर आणखी अवघड. तिथे ऑक्टोबरात घड्याळ पुढे जातं, त्यामुळे टोरांटोशी असलेलं अंतर १४ तासांवरून १६ वर जातं. वक्ता सप्टेंबरात मनातल्या मनात हिशेब करून ‘मला टोरांटोचे दुपारचे दोन चालतील’ म्हणाला आणि आपण तसंच टिपून घेतलं, तर परिषदेच्या दिवशी सगळाच घोळ होतो. म्हणून वेळ वक्त्याच्या घड्याळाप्रमाणे, परिषदेच्या तारखेसह विचारायची. ‘७ डिसेंबरला, तुमच्याकडे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?’ असा थेट प्रश्न.

सगळं एकाच फाइलीत ठेवा

ईमॅक्सकॉन्फचे आयोजक अर्थातच ऑर्ग मोड, म्हणजे ईमॅक्समधली नोंदी आणि याद्या ठेवायची सोय, वापरतात. एका साध्या टेक्स्ट फाइलीत प्रत्येक टॉकचं एक शीर्षक, आणि त्याखाली मिनिटं, ट्रॅक, उपलब्ध वेळ, प्रश्नोत्तरांचा प्रकार, मधली मोकळी मिनिटं अशा नोंदी. सुरुवातीच्या वेळा हातानं लिहायच्या नाहीत, त्या लिस्पमधल्या (ईमॅक्सच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या) फंक्शननं काढायच्या. दोन शीर्षकांची अदलाबदल केली की पुढचे सगळे आकडे आपोआप बदलतात. वेबसाइटवरचं वेळापत्रक, कॅलेंडरची फाइल आणि वक्त्यांना जाणारे ईमेल याच एका फाइलीतून तयार होतात.

तुम्हाला ऑर्ग मोड येत नसेल तर स्प्रेडशीट घ्या. एका रांगेत एक टॉक, आणि सुरुवातीच्या वेळेच्या चौकटीत ‘मागची सुरुवात अधिक मागची मिनिटं’ असं सूत्र. वेळ दोन ठिकाणी लिहून ठेवली की कधी ना कधी एक जागा दुरुस्त होते आणि दुसरी तशीच राहते. तेवढं टाळलं की झालं.

अडलेल्यांना आधी बसवा

आता प्रत्यक्ष मांडणी. टोरांटोच्या सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत परिषद आहे असं धरू. डिसेंबरात आपल्याकडे ती संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन पहाटे साडेतीनला संपते. बर्लिनमध्ये दुपारी ३ ते रात्री ११, सॅन फ्रान्सिस्कोत पहाटे ६ ते दुपारी २, आणि मेलबर्नमध्ये दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री १ ते सकाळी ९. हा तक्ता कागदावर काढून समोर चिकटवला की कोण कुठे बसेल ते जवळजवळ दिसायलाच लागतं. भारतातले वक्ते अगदी सुरुवातीला, त्यांच्यामागून युरोप, दुपारनंतर अमेरिकेचा पश्चिम किनारा आणि सगळ्यात शेवटी ऑस्ट्रेलिया.

विषयवार गट पाडण्याचा मोह इथे फार होतो. ऑर्ग मोडचे सगळे टॉक एकत्र, नवशिक्यांचे एकत्र, असं केलं की वेळापत्रक देखणं दिसतं. पण विषयापासून सुरुवात केली तर पुण्याची वक्ती मध्यरात्री दोनला बसते. आधी ज्यांना एकच वेळ चालते त्यांना ती द्या. मग ज्यांना अर्धा दिवस चालतो ते. कधीही चालेल म्हणणारे सगळ्यात शेवटी, आणि त्यांना हलवून विषयांचा मेळ जमवा. ईमॅक्सकॉन्फमध्ये ‘जनरल’ आणि ‘डेव्हलपमेंट’ असे दोन ट्रॅक असतात. तिथे एवढं जरूर बघावं की एकाच प्रकारच्या प्रेक्षकांचे दोन टॉक समोरासमोर येऊ नयेत. नोट्स काढण्यावरचा टॉक एका ट्रॅकवर आणि त्याच वेळी ऑर्ग मोडचा दुसऱ्यावर, असं नको. व्हिडिओ नंतर बघता येतात, पण प्रश्न विचारायची संधी एकदाच मिळते.

मिनिटांचा हिशेब

एका ट्रॅकची सकाळ मांडून बघू. वेळा टोरांटोच्या.

९:०० स्वागत, ५ मिनिटं.
९:०५ पुण्याचा टॉक: व्हिडिओ १९, प्रश्नोत्तरं १५, मोकळी ६.
९:४५ बर्लिनचा छोटा टॉक: व्हिडिओ १०, प्रश्नोत्तरं १०, मोकळी ५.
१०:१० पॅरिसचा मोठा टॉक: व्हिडिओ ४०, प्रश्नोत्तरं २०, मोकळी १०.
११:२० टोरांटोचा टॉक: व्हिडिओ २०, प्रश्नोत्तरं १५, मोकळी ५.
१२:०० जेवणाची सुट्टी.

तीन तासांत व्हिडिओ भरले फक्त ८९ मिनिटांचे. पहिल्यांदा वेळापत्रक करणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते आणि तो आणखी दोन टॉक कोंबतो. तसं करू नका. उरलेली मिनिटं प्रश्नोत्तरांसाठी आहेत, आणि खरी रंगत तिथेच येते. वक्त्याची फाइल पाहून कुणीतरी तीन ओळींत सोपा उपाय सांगतो, वक्ता स्वतःच थक्क होतो. मोकळी मिनिटंही वाया जात नाहीत. होस्टला घोटभर पाणी प्यायचं असतं, पुढच्या वक्त्याचा आवाज तपासायचा असतो. जेवणाच्या सुट्टीला तर हातच लावू नका. सकाळी साचलेला उशीर तिथे जिरतो.

पुण्याच्या वक्तीचा टॉक तिच्याकडे संध्याकाळी ७:३५ ला लागतो आणि प्रश्नोत्तरं ७:५४ ला सुरू होतात. तिला कळवायची वेळ ७:५४ ची नव्हे, ७:०५ ची. सत्राच्या अर्धा तास आधी वक्त्यानं हजेरी लावायची, म्हणजे माइक-कॅमेरा तपासून होतो आणि कुणी आलंच नाही तर आपल्याला सावरायला वेळ मिळतो.

प्रश्नोत्तरं लांबली तर? ईमॅक्सकॉन्फनं यावर काढलेली वाट मला फार आवडते. स्ट्रीम वेळ झाली की पुढच्या टॉककडे जातो, पण प्रश्नोत्तरांची खोली उघडीच राहते. ज्यांना गप्पा चालू ठेवायच्या आहेत ते थेट खोलीत शिरतात. कुणाला मध्येच तोडावं लागत नाही आणि पुढचा वक्ताही ताटकळत बसत नाही. यासाठी प्रत्येक टॉकला स्वतंत्र खोली हवी. दोन टॉकना एकच खोली दिली की ही सोय गेली.

दोन ट्रॅक असतील तर त्यांच्या सुरुवाती एकाच मिनिटावर आणू नका. वरच्या उदाहरणात दुसऱ्या ट्रॅकचा पहिला टॉक १०:०० ला लावला, तर तो पहिल्या ट्रॅकच्या ९:५५ आणि १०:१० या दोन बदलांच्या मधे पडतो. स्वयंसेवक कमी असले आणि एकाच माणसाला दोन्हीकडे बघावं लागलं, तरी त्याची धांदल होत नाही.

तपासा, मग कळवा

यादी झाली की प्रत्येक टॉकची वेळ वक्त्यानं दिलेल्या वेळेशी ताडून पाहा. ऑर्ग मोडमध्ये हे काम एक फंक्शन करतं आणि जो टॉक वेळेत बसत नाही त्याच्यापुढे सूचना येते. स्प्रेडशीटमध्ये दोन रकान्यांची तुलना करून चौकट लाल करता येते. शिवाय वेळापत्रक चित्ररूपात काढून बघा: वेळेची आडवी पट्टी, तिच्यावर प्रत्येक टॉकची चौकट. आकड्यांच्या यादीत न दिसलेली सलग तीन तासांची गर्दी चित्रात लगेच डोळ्यांत भरते.

मग कच्चं वेळापत्रक प्रत्येक वक्त्याला पाठवा. ईमेलमध्ये त्याची वेळ त्याच्याच शहराच्या घड्याळाप्रमाणे, वार आणि तारखेसह लिहा. मेलबर्नच्या माणसासाठी टोरांटोचा शनिवार दुपारचे ४ म्हणजे रविवार सकाळचे ८, आणि वार चुकला तर तो पूर्ण एक दिवस चुकतो. उत्तर कधीपर्यंत हवं ते सांगा. ‘या तारखेपर्यंत काही कळवलं नाहीत तर ही वेळ चालते असं धरतो’ हे वाक्य घालायला संकोच नको, नाहीतर दोन-चार उत्तरांसाठी सगळं गाडं अडून राहतं.

बदल होणारच

व्हिडिओ हाती आला की वक्त्यानं सांगितलेली लांबी खोडून खरी लांबी भरा. २० मिनिटांचा म्हणून आलेला टॉक २३ मिनिटांचा निघतो आणि ती तीन मिनिटं पुढच्या सगळ्यांना ढकलतात. एफएफप्रोबसारखं साधन एका आज्ञेत सगळ्या फाइलींची लांबी काढून देतं.

कुणी माघार घेतली तर परिषदेच्या काही आठवडे आधी खुशाल सरकवासरकव करा. शेवटच्या आठवड्यात मात्र रिकामी झालेली जागा रिकामीच ठेवा. पुढचे टॉक अलीकडे ओढले तर जगभरात ज्यांनी ज्यांनी आपल्या कॅलेंडरवर वेळ टिपून ठेवली आहे ते सगळे उशिरा पोचतात. त्या जागी शेजारच्या टॉकची प्रश्नोत्तरं लांबवा, नाहीतर सकाळी गाजलेला व्हिडिओ पुन्हा दाखवा. ज्याचा व्हिडिओ वेळेत आलाच नाही त्याला लाइव्ह बोलू द्या, पण शक्यतो सुट्टीच्या किंवा दिवसअखेरच्या आधीच्या जागेवर, म्हणजे तो लांबला तरी कुणाच्या वेळेवर गदा येत नाही.

प्रत्यक्ष दिवशी व्हिडिओ ठरल्या मिनिटाला सर्व्हरनं आपोआप सुरू करावेत, माणसानं फक्त लक्ष ठेवावं. आणि प्रत्येक टॉक प्रत्यक्षात किती वाजता सुरू झाला, प्रश्नोत्तरं किती वेळ चालली, हे त्याच फाइलीत त्या-त्या टॉकखाली टिपत जा. पुढच्या वर्षी प्रश्नोत्तरांना १५ मिनिटं द्यायची की २०, ते या नोंदींवरून ठरवता येईल.