मोठ्या टायरच्या जिप्सीचे ब्रेक घरी सुधारताना

मारुती जिप्सीला 205/70 आर15 च्या जागी 235/75 आर15 टायर चढवले की चाकाचा व्यास साधारण 668 वरून 733 मिमीवर जातो. पेडल तेवढंच दाबलं तरी जमिनीवर मिळणारी ब्रेकची ताकद त्यामुळे सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. टायरचं वाढलेलं वजन वेगळंच. अशा वेळी बहुतेक जण थेट मोठी डिस्क शोधायला लागतात. तसं करू नका. आधी होज (ब्रेक ऑइलचे लवचिक पाइप), मागचे ड्रम आणि ब्रेक ऑइल नीट करा, मग पॅड, आणि गरज उरलीच तर डिस्क.

सामान: अ‍ॅक्सल स्टँडची जोडी, 10 मिमीचा फ्लेअर नट पाना (साधा पाना पाइपच्या नटाचे कोपरे मारतो), ब्रेकमधली हवा काढायच्या निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक लिटर सीलबंद डॉट 4 ऑइल, ब्रेक क्लीनरचे दोन कॅन, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, प्रत्येक बँजो बोल्टला (होज जोडणारा पोकळ बोल्ट) दोन नवे तांब्याचे वॉशर, टॉर्क पाना आणि सर्व्हिस मॅन्युअल. गाडी सपाट फरशीवर घ्या, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

सुरुवात मागून करा, कारण दुर्लक्ष तिथेच झालेलं असतं. हँडब्रेक सोडा आणि ड्रम ओढा. निघत नसेल तर हातोडीने ठोकत बसू नका. ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत 8 मिमीचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम सुटून येतो. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये (ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या पट्टीत) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. क्लीनरने भिजवून पुसा. व्हील सिलेंडरचं (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) रबर बोटाने उचलून पाहा: आत ओल दिसली तर सिलेंडर बदला. लायनरवर गिअर ऑइल आलेलं असेल तर नवे शू घालूनही उपयोग नाही, अ‍ॅक्सलचं सील गेलेलं आहे. सील पुन्हा पुन्हा जात असेल तर अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा जायचं तोंड) तपासा. तो चिखलाने बुजला की तापलेल्या अ‍ॅक्सलमधला दाब सीलमधूनच बाहेर पडतो. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेली की ओढ्यात गाडी घातली तरी ही कटकट राहत नाही.

शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा अ‍ॅडजस्टर खोलून साफ करा, आट्यांना ग्रीस लावा. ड्रम चढवून चाक हाताने फिरवताना लायनर हलकेच घासल्याचा आवाज येईल इतकं अंतर ठेवा. पेडल खोल जाण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

आता होज. पुढे दोन, मागे चासीवरून अ‍ॅक्सलवर येणारा एक. लिफ्ट केलेल्या (उंची वाढवलेल्या) गाडीत मूळ होज तोकडे पडतात आणि अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबला की ताणले जातात. चासी उचलून चाकं पूर्ण लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि त्या स्थितीत लांबी मोजा. वर दोन इंच धरून स्टीलची जाळी असलेले होज बनवून घ्या. बसवल्यावर टायर, लीफ स्प्रिंग आणि सायलेन्सर यांना कुठेही घासत नाहीत ना, हे पुन्हा दोन्ही टोकांना पाहा. लोखंडी पाइप गंजलेला असेल तर तो अख्खा बदला. सांधा मारलेला पाइप चालणार नाही.

पॅड बदलताना कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना बाहेर काढून साफ करा आणि त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिना अडकतात आणि एकच पॅड झिजतो. पेट्रोल-डिझेलने भाग धुण्याची गॅरेजमधली सवयही सीलना असंच फुगवते. डिस्कची जाडी मोजा; तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याच्या जवळ असेल तर लेथवर न देता नवी घ्या. कॅलिपर उतरवले असतील तर डावा-उजवा बदलू देऊ नका. निपल वरच्या बाजूलाच हवा, खाली आला तर कितीही ऑइल ओता, हवा आतच राहते.

लाइनमधली हवा काढताना लक्षात घ्या, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा) उजवीकडे असतो, म्हणून सर्वात लांबचं चाक मागचं डावं. तिथून सुरू करा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागच्या अ‍ॅक्सलवर एलएसपीव्ही (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) असेल तर गाडी चाकांवर उभी असू द्या. अ‍ॅक्सल लोंबत असताना तो व्हॉल्व्ह मागची लाइन आवळतो आणि हवा नीट निघत नाही. लिफ्ट किटनंतर याच कारणाने मागचे ब्रेक कायमचे मंद होतात, तेव्हा त्याच्या दांडीची जोडणी मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावा.

मास्टर सिलेंडर जुना असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं तर सील कधीच न वापरलेल्या गंजक्या भागावर जाऊन फाटतं. मास्टरवरची ऑइलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. नळीतून स्वच्छ, बुडबुड्यांविना ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. डॉट 3 आणि डॉट 4 एकत्र चालतात, सिलिकॉनचं डॉट 5 मुळीच नाही. डॉट 4 चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर 155 असतो; म्हणून पावसाळ्यात चिखलपाण्यात जाणाऱ्या गाडीचं ऑइल दर वर्षी बदलावं. लांब घाटउतारावर पेडल अचानक मऊ पडतं ते बहुधा जुनं ऑइल उकळल्यामुळे. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

एवढं करूनही उतारावर ब्रेक तापून त्यांची पकड जात असेल तरच हवेशीर (मधून हवा खेळणारी) डिस्क आणि मोठे कॅलिपर. त्यांना ऑइल जास्त लागतं, पेडल लांबतं, म्हणून मास्टरही मोठा घ्यावा लागतो. 13/16 इंचावरून 7/8 इंचावर गेलात तर क्षेत्रफळ 16 टक्के वाढतं आणि तेवढ्याच दाबासाठी पायाचा जोरही तितकाच. बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणारा) दांडा आणि मास्टरचा पिस्टन यांत मॅन्युअलमधलं बारीक अंतर हवंच. ते नसेल तर काही किलोमीटरांत ब्रेक आपोआप धरू लागतात आणि चाकं तापतात. असा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या: मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आरसीवरील तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरफारांना मनाई करतं.

इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर आतून दाब सोडतोय. मग मोकळ्या कच्च्या रस्त्यावर ताशी 20–30 किमी वेगाने जोरात ब्रेक मारा आणि बाहेर उभ्या माणसाला विचारा आधी कुठली चाकं अडकली. आधी पुढचीच अडकली पाहिजेत. मागची आधी अडकत असतील तर गाडी फिरेल, ती रस्त्यावर काढू नका.

नवे पॅड बसवण्यासाठी ताशी 60 वरून 15 पर्यंत दहा वेळा ब्रेक मारा, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या, पूर्ण थांबू नका. त्यानंतर काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून डिस्क गार करा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून ओल पाहा आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.